गिरडचे नारळ, पिसदुऱ्याचे गवत

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यात गिरड नावाचे गाव आहे. तिथल्या टेकडीवर शेख फरीदबाबांचा दर्गा आहे. आमच्या भागातल्या माणसाला तो सांगावा लागत नाही. हिंदू-मुसलमान दोघेही तिथे नवस फेडायला जातात. या टेकडीवर गोल, लांबट, खरबरीत असे दगड सापडतात. कोणी त्यांना नारळ म्हणते, कोणी सुपारी, कोणी जायफळ. त्यांची गोष्ट अशी आहे. दोन फिरत्या व्यापाऱ्यांनी बाबांची थट्टा केली आणि त्यांचा सगळा माल जागच्या जागी दगड झाला. व्यापारी पाया पडले. बाबांनी वाळल्या पानांपासून त्यांना नवा माल करून दिला. ते दोघे मग कुठे गेलेच नाहीत, बाबांच्या सेवेत राहिले. माझी दादी ही गोष्ट सांगायची, आणि १८७० साली इंग्रजांनी छापलेल्या मध्य प्रांताच्या गॅझेटिअरमध्येही ती आहे. दादीला वाचता येत नव्हते, तेव्हा तिने ती गॅझेटिअरमधून उचलली नव्हती एवढे नक्की.

भूगर्भशास्त्र जाणणारे लोक म्हणतात की हे दगड झिओलाइट जातीच्या खनिजांचे आहेत. लाव्हारस थंड होताना त्यात वाफेचे आणि वायूचे बुडबुडे अडकतात, इडलीला जाळी पडते तसे. पुढे त्या पोकळ्यांत कढत पाणी झिरपते आणि पाण्यातली खनिजे आतल्या आत थर धरत जातात. भोवतालचा काळा दगड झिजून गेला की आतला गोळा मोकळा होतो. तात्पर्य, गिरडचे नारळ कधी कुठल्या झाडाला लागले नव्हते.

पण गोष्टीतली दुसरी बाब, म्हणजे फळाचा दगड होतो ही, मात्र शंभर टक्के खरी आहे. नागपूरहून उत्तरेला छिंदवाडा जिल्ह्यात मोहगाव कलान नावाचे गाव आहे. तिथे लाव्हाच्या दोन थरांच्या मध्ये सापडलेल्या मातीत दगड झालेली फळे, बिया, फुले आणि ताडाच्या जातीच्या झाडांची खोडे मिळाली आहेत. बिरबल सहानी आणि त्यांच्या मागून आलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्यांचा बारकाईने अभ्यास केला. त्यांत निपा नावाच्या ताडवर्गीय झाडाची फळेही आहेत. हे झाड आज सुंदरबनात, खाऱ्या चिखलात वाढते. ती फळे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची आहेत. म्हणजे नारळाच्या भाऊबंदांचा दगड झाला तो इथेच, आपल्याच भागात. फक्त टेकडी वेगळी.

आज मला ज्या विषयावर बोलायचे आहे तो असा : या पृथ्वीवर आजवर कोणाकोणाचे राज्य होऊन गेले? मी विज्ञानाचा विद्यार्थी नव्हे. बी.ए. झालो तो भाषा घेऊन, आणि आयुष्य गेले कवितेत. पण सेलूला राहणाऱ्या माणसाला हा विषय शोधायला कुठे जावे लागत नाही. घराचा पाया खणला की काळा कातळ लागतो. इथून पूर्वेला नागपूर, आणि दक्षिणेला चंद्रपूर-गडचिरोली, एवढ्या टापूत पृथ्वीच्या इतिहासाची बहुतेक पाने जमिनीत पुरलेली आहेत. काही फाटलेली आहेत, काही कोळशाच्या खाणीत गेली, काही सिमेंटच्या भट्टीत. उरलेली वाचता येतात.

शाळेच्या पुस्तकात हा इतिहास बखरीसारखा असायचा. आधी माशांचे युग, मग उभयचरांचे, मग सरपटणाऱ्यांचे, मग सस्तन प्राण्यांचे, आणि शेवटी सिंहासनावर माणूस. एक राजा गेला, दुसरा आला. बखरकार दरबारात बसून लिहितो, म्हणून त्याला राजाच दिसतो. प्रजेची मोजदाद करायला निघालो तर चित्र पुष्कळच वेगळे निघते. ते कसे, ते आपल्या भागातल्या दगडांनाच विचारू.

सर्वांत जुन्या पानापासून सुरुवात करू. गडचिरोली जिल्ह्यात एटापल्ली तालुक्यात सूरजागडचा डोंगर आहे, लोखंडाचा. जगभर असे पट्टेदार लोखंडी खडक बहुतांश दोनशे-तीनशे कोटी वर्षांपूर्वी बनले. त्या वेळच्या समुद्रात लोखंड विरघळलेले होते, कारण त्याला गंजवायला प्राणवायूच नव्हता. तो तयार केला सूक्ष्म जीवांनी, ज्यांना आपण नील-हरित शेवाळ म्हणतो. खरे तर ते शेवाळ नव्हे, जिवाणू आहेत. सूर्याचा प्रकाश घ्यायचा, पाणी फोडायचे, पोट भरायचे आणि प्राणवायू बाहेर टाकायचा, एवढाच त्यांचा उद्योग. तो प्राणवायू आधी समुद्रातल्या लोखंडाला लागला, गंज तळाशी बसला. लोखंड संपत आले तसा, सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी, प्राणवायू हवेत साचू लागला. त्या काळच्या बहुतेक जीवांना तो विषच होता. त्यांना चिखलात, तळाशी, अंधारात पळावे लागले. त्यांचे वंशज आजही गोबरगॅसच्या टाकीत आणि गाईच्या पोटात काम करीत आहेत. पृथ्वीवर एवढी मोठी सत्तापालट पुन्हा झाली नाही, आणि ती करणारा डोळ्यांना दिसतसुद्धा नव्हता.

यवतमाळ-चंद्रपूरकडे पैनगंगेच्या काठची चुनखडी आहे, जिच्यावर तिकडचे सिमेंटचे कारखाने चालतात. ती ज्या समुद्राच्या तळाशी साचली त्या समुद्रात मासा नव्हता, शिंपला नव्हता, खेकडा नव्हता. काठावर गवताची काडी नव्हती. होते ते जिवाणू आणि एकपेशीय जीव. पृथ्वीचे वय सुमारे ४६० कोटी वर्षे. त्यातली निदान ३५० कोटी वर्षे जीवसृष्टी आहे. आणि त्यातली बहुतेक सगळी याच बारीक लोकांची आहेत. मासे, डायनोसोर, हत्ती, आपण, हे सगळे शेवटच्या साठ कोटी वर्षांतले पाहुणे.

याच चुनखडीवर चंद्रपूरजवळ इरई इथे ओरखडे आहेत. एखाद्याने प्रचंड कानस फिरवावी तसे. फेडन नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाने १८७५ साली त्यांच्यावर लिहिले. ते हिमनदीचे ओरखडे आहेत. ज्या चंद्रपूरच्या उन्हाळ्याला आपण दरवर्षी शिव्या देतो, तिथून सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी बर्फाची लादी सरकत गेली होती. तेव्हा आपली भूमी दक्षिण ध्रुवाच्या बाजूला, दक्षिण अमेरिका, आफ्रिका, अंटार्क्टिका आणि ऑस्ट्रेलिया यांना चिकटून होती. या एकत्र भूखंडाला सारे जग जे नाव देते ते आपल्याच भागातले आहे : गोंडवन. गोंडांच्या प्रदेशातल्या खडकांवरून ते पडले. जगाच्या पाठीवर कुठेही भूगर्भशास्त्राचे पुस्तक उघडा, गोंडांचे नाव त्यात आहे. राज्य गेलेल्या फार थोड्या लोकांच्या वाट्याला हे येते.

बर्फ ओसरले आणि दलदलीत जंगल उभे राहिले. त्यातले मुख्य झाड ग्लॉसोप्टेरिस. ग्रीक भाषेत ग्लॉसा म्हणजे जीभ. पान जिभेच्या आकाराचे म्हणून हे नाव. बल्लारपूर, घुग्घुस, वणी इथला कोळसा म्हणजे मुख्यतः त्याच जंगलाचा चेपलेला पालापाचोळा आणि खोडे. १९१२ साली कॅप्टन स्कॉट आणि त्याचे सोबती दक्षिण ध्रुवाहून परतताना बर्फात मेले, तेव्हा त्यांच्या सामानात सुमारे सोळा किलो दगड निघाले. मरणाच्या दारातही त्यांनी ते टाकून दिले नव्हते. त्या दगडांत ग्लॉसोप्टेरिसची पाने होती. आपल्या खाणीतले पान आणि अंटार्क्टिकातले पान एकच. जमिनी एकत्र होत्या याची ती साक्ष.

या झाडांचे राज्य काही कोटी वर्षे चालले. मग २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वी सायबेरियात लाव्हा उसळला, हवा-पाणी नासले, आणि समुद्रातल्या दहापैकी सुमारे नऊ जाती संपल्या. ग्लॉसोप्टेरिसही त्याच सुमाराला गेले. कोणा बलवान झाडाने त्याला हरवले असे नव्हे. हवाच बदलली.

त्यानंतरचे एक पान आपल्याजवळच, वर्धा नदीच्या खोऱ्यात, मांगली या गावाला सापडले : रुंद चपट्या डोक्याच्या एका उभयचर प्राण्याची कवटी. बेडकाचा लांबचा नातेवाईक म्हणा, पण अंगाने मगरीच्या वळणाचा. ती कवटी ज्याने मिळवली तो माणूस म्हणजे स्टीफन हिस्लॉप, नागपूरचे हिस्लॉप कॉलेज ज्याच्या नावाने आहे तो. त्याच्याविषयी थोडे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

हिस्लॉप स्कॉटलंडचा मिशनरी. १८४५ साली नागपूरला आला. तेव्हा इथे भोसल्यांचे राज्य होते. धर्मप्रचारासाठी आला, शाळा काढली, आणि येता-जाता दगड पाहायचा. १८५१ साली नागपूरच्या टाकळीजवळ त्याला आणि त्याचा सहकारी हंटर याला लाव्हाच्या थरांमधल्या मातीत गोड्या पाण्यातल्या गोगलगाईंचे शंख दिसले. लाव्हात शंख कसा? म्हणजे एक थर ओतला गेल्यावर दुसरा येईपर्यंत मध्ये मोठा काळ गेला असला पाहिजे. इतका, की कातळावर माती झाली, तळी झाली, तळ्यात गोगलगाई झाल्या, काठावर झाडे झाली. आणि मग पुन्हा आग. नागपूरच्या सीताबर्डीच्या टेकडीतही त्याने असाच थर पाहिला. मध्य भारतातल्या प्राचीन जीवसृष्टीच्या अभ्यासाचा पाया या दोन पाद्र्यांनी घातला, त्यांच्या धंद्याचे ते काम नसताना. ४ सप्टेंबर १८६३ रोजी हिस्लॉप टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतत होता. बोरीजवळच्या नाल्याला पूर आला होता. त्यात तो बुडाला. आम्ही सेलूहून नागपूरला जातो ते बुटीबोरीवरूनच; आता तिथे कारखाने आहेत, पूल आहेत, आणि बसमधल्या कोणाला काही आठवण्याचे कारण उरलेले नाही.

मांगलीची कवटी लंडनला गेली. तिचे वर्णन केले रिचर्ड ओवेनने. हा तोच ओवेन, ज्याने १८४२ साली ‘डायनोसोर’ हा शब्द घडवला. इथून डायनोसोरांच्या राज्याला सुरुवात करायला हरकत नाही.

या राज्याचा आपल्याकडचा मोठा पुरावा सिरोंचा तालुक्यात आहे. प्राणहिता-गोदावरीच्या संगमाकडे, पोचमपल्ली गावाच्या परिसरात, १९६०च्या सुमारास कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या लोकांनी हाडे उकरली. सुमारे तीनशे हाडे, निदान सहा प्राण्यांची. एका मांडीच्या हाडाची लांबी १.७ मीटर, म्हणजे माझ्या उंचीइतकी. त्याला नाव दिले बारापासॉरस टागोराय. ‘बारा पा’ म्हणजे बंगालीत मोठा पाय. आणि १९६१ हे रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचे वर्ष, म्हणून टागोर. कवीच्या नावाचा डायनोसोर जगात दुसरा असेल-नसेल, पण आपल्या गडचिरोलीतला आहे याचा मला एक कवी म्हणून उगाच आनंद होतो.

याच खोऱ्यातल्या, त्याच काळच्या थरांत आणखी एक वस्तू मिळाली. ती हातात धरून दिसणार नाही, भिंगाखाली पाहावी लागते : चिचुंद्रीएवढ्या सस्तन प्राण्यांचे दात. त्यांतल्या एकाला कोटाथेरियम म्हणतात, कोटा गावावरून. हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. सस्तन प्राणी डायनोसोरांनंतर आले, असे बखर वाचून आपल्याला वाटते. तसे नाही. दोघेही जवळपास एकाच काळात, बावीस-तेवीस कोटी वर्षांपूर्वी, जगात आले. मग पंधरा कोटी वर्षे एक वर्ग हत्तींहून मोठा होत गेला, आणि दुसरा रात्री बाहेर पडून किडे खात राहिला. तो कमी प्रतीचा होता म्हणून नव्हे. जागा भरलेली होती, एवढेच.

आता वरोऱ्याकडे या. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा आणि डोंगरगाव ही गावे आहेत. डोंगरगावच्या टेकडीत १९८०च्या दशकात एका लांब मानेच्या डायनोसोरचा सांगाडा मिळाला. त्याला आज इसीसॉरस म्हणतात. त्यातले ‘इसी’ हे पुन्हा त्या सांख्यिकी संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून. पण मला त्या सांगाड्यापेक्षा पिसदुऱ्याची दुसरी वस्तू मोठी वाटते. ती म्हणजे शेण. दगड झालेले शेण.

हसू नका. शेणाइतका खरे बोलणारा साक्षीदार नाही. हाड सांगते की प्राणी केवढा होता. शेण सांगते की त्याने काय खाल्ले. वनस्पतींच्या पेशींत सिलिकाचे, म्हणजे काचेच्या जातीचे, बारीक कण तयार होतात. ज्वारीच्या पानाने बोट कापते ते त्यामुळेच. वनस्पती कुजते, पण हे कण कुजत नाहीत, आणि प्रत्येक कुळाच्या कणांचा घाट वेगळा असतो. लखनौच्या बिरबल सहानी संस्थेतील वंदना प्रसाद आणि त्यांच्या देशी-परदेशी सहकाऱ्यांनी पिसदुऱ्याचे शेण, जे टायटनोसोर जातीच्या डायनोसोरांचे मानले जाते, ते विरघळवून पाहिले. त्यात ताड होते, सूचिपर्णी झाडे होती, आणि गवत होते. एक नव्हे, निदान पाच प्रकारचे. २००५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले आणि जगभरच्या अभ्यासकांनी कान टवकारले. तोवरची समजूत अशी होती की गवताचा पसारा डायनोसोर गेल्यानंतरचा. पुढे २०११ साली त्याच शेणातल्या कणांवरून असेही दाखवले गेले की भाताच्या कुळाचे गवत तेव्हा अस्तित्वात होते.

पिसदुऱ्याच्या पूर्वेला झाडीपट्टी सुरू होते, जिथे आज धानच धान आहे. त्या धानाच्या पूर्वजांना डायनोसोर चरले होते. तेव्हा गवताला कोणी विचारत नव्हते. शेणातल्या खाण्यात त्याचा वाटा थोडाच होता. ताडाच्या झावळ्या आणि झाडपाला हेच मुख्य. कुठेतरी पाणथळीच्या कडेला, मोठ्या झाडांच्या पायाशी, चार काड्या उगवत असतील. राजाचे नाव सगळ्यांना ठाऊक, आणि पुढचा वारस त्याच्या पायाखाली तुडवला जातोय. नाटककाराला सुचणार नाही असा प्रसंग आहे हा.

याच काळातला आणखी एक प्रसंग दगडात जसाच्या तसा राहिला आहे. गुजरातेत धोली डुंगरी इथे धनंजय मोहबे यांना १९८०च्या दशकात डायनोसोरच्या घरट्याचा एक दगड मिळाला. त्यात फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळे घातलेला साप आहे आणि बाजूला नुकते बाहेर आलेले पिलू. तो साप आहे हे ओळखायला पुढे कित्येक वर्षे लागली. २०१० साली त्याचे ‘सनाजे’ हे नामकरण झाले. साडेतीन मीटरचा साप. घरट्यावर वरून चिखल-वाळू आली आणि गिळायच्या आधीच सगळे थांबले. जगातल्या सर्वांत मोठ्या प्राण्याची पिले अशी सापाच्या तोंडी जात होती, तेव्हा ‘राज्य’ हा शब्द जरा जपूनच वापरावा.

मग ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा तो काळ आला. आपल्या बाजूला जमीन फाटून लाव्हा वाहत होता. तो थांबून-थांबून वाहिला, म्हणूनच मधल्या तळ्यांत हिस्लॉपच्या गोगलगाई सापडतात. आजही पाच लाख चौरस किलोमीटरांवर तो पसरलेला आहे, पश्चिम घाटात जाडी दोन किलोमीटरांहून अधिक, आणि नागपूरला येईतो त्याची कड संपते. सेलूचा कातळ, बोरच्या टेकड्या, आणि ज्या काळ्या मातीत आपला कापूस होतो ती माती, सगळे त्याचेच. याच काळात मेक्सिकोच्या किनाऱ्यावर सुमारे दहा किलोमीटर रुंदीची एक उल्का आदळली. घात कोणाचा मोठा, उल्केचा की लाव्हाचा, यावर पंडितांचे वाद झाले. बहुतेकांचा कल उल्केकडे आहे. जगातल्या सुमारे तीन-चतुर्थांश जाती त्यात गेल्या. डायनोसोरांतली उरली ती फक्त पाखरे.

हैदराबादच्या पश्चिमेला नास्कल इथे याच लाव्हाच्या थरांमधल्या मातीत एका छोट्या सस्तन प्राण्याचे दात मिळाले. पुढे त्याच्या जातीच्या घोट्याची हाडे मिळाली तेव्हा दिसले की तो झाडावर चढणारा असावा. १९८८ साली जी. व्ही. आर. प्रसाद आणि अशोक सहानी यांनी त्याचे नाव ठेवले डेक्कनोलेस्टिस हिस्लॉपाय. नाल्यात बुडालेल्या त्या पाद्र्याचे नाव असे एका चिचुंद्रीएवढ्या जिवाला मिळाले, जो आगीच्या दोन ओतांच्या मधल्या काळात फांदीवर किडे शोधत होता. मला कॉलेजच्या इमारतीपेक्षा हे स्मारक अधिक आवडते.

पुढची गोष्ट आपल्याला ओळखीची आहे, म्हणून तिथे फार रेंगाळत नाही. सस्तन प्राणी वाढले, हत्ती-घोडे-बैल झाले. पाऊस कमी झाला तिथे जंगल हटले आणि गवत पसरले. गवताबरोबर चरणारे वाढले, चरणाऱ्यांबरोबर वाघ-सिंह. जळगाव जिल्ह्यात पाटणे इथे सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी शहामृगाच्या अंड्याच्या कवचावर नक्षी कोरलेली सापडली, म्हणजे शहामृगही आपल्याकडे होता. मग शेती आली. टाकळघाटच्या शिळावर्तुळांत, माहुरझरीत, लोखंडी हत्यारे आहेत, घोड्याचे साज आहेत. तिथून थेट आपण.

आता मोजदाद करू. २०१८ साली इस्रायल आणि अमेरिकेतल्या तीन शास्त्रज्ञांनी पृथ्वीवरच्या सगळ्या सजीवांचे वजन काढले, त्यातल्या कार्बनच्या हिशेबाने. झाडेझुडे एकूण वजनाच्या ८० टक्क्यांच्या वर. जिवाणू सुमारे १३ टक्के. सगळे प्राणी मिळून अर्धा टक्कासुद्धा नाहीत, आणि त्यात माणूस म्हणजे एकूण सजीवांच्या दहा हजारांतला एक भाग. पण नुसत्या सस्तन प्राण्यांची वाटणी पाहिली तर ६० टक्के गुरेढोरे-डुकरे, ३६ टक्के माणसे, आणि वाघ-हत्ती-हरीण-देवमासा अशा सगळ्या रानटी प्राण्यांना मिळून ४ टक्के. पाखरांतही ७० टक्के वजन कोंबड्या-बदकांचे. डायनोसोरांच्या वंशाचा आजचा सर्वांत भरभराटीला आलेला वारस म्हणजे बाजारातली कोंबडी. आमच्या तालुक्यातले बोरचे जंगल २०१४ साली व्याघ्र प्रकल्प झाले. क्षेत्रफळाने देशातल्या लहान प्रकल्पांपैकी ते एक. त्या चार टक्क्यांतला एक कण तिथे राहतो. तो दिसावा म्हणून माणसे जीप करून जातात.

मग राज्य माणसाचे म्हणायचे? वजनाने म्हणाल तर झाडांचे. जुनेपणाने म्हणाल तर जिवाणूंचे. आपल्या अंगात जेवढ्या आपल्या पेशी आहेत जवळपास तेवढेच जिवाणू आहेत. आणि हिरव्या पानातला जो हिरवा कण अन्न करतो, तो त्या सूरजागडच्या काळातल्या नील-हरित जिवाणूचाच वंशज. केव्हातरी तो दुसऱ्या पेशीत शिरला आणि तिथेच नांदला. प्रसाराने म्हणाल तर गवताचे पारडे जड आहे. गहू, ज्वारी, भात, मका, ऊस, बांबू, सगळी गवतेच. माणसाच्या पोटात जाणाऱ्या उष्मांकांपैकी निम्म्याच्या आसपास नुसत्या भात-गहू-मक्यातून येतात. त्यासाठी आपण जंगल तोडतो, नांगरतो, पाणी देतो, निंदण करतो. आपण गवत पाळले की गवताने आपल्याला कामाला लावले, हे खरिपाच्या दिवसांत एखाद्या बाईला विचारा; दिवसभर वाकून ती एका गवतासाठी दुसरे गवत उपटत असते.

शेवटी माझ्या मेहुण्याच्या वावराचे सांगतो. तो कापूस लावतो. २००२ साली आपल्या देशात बीटी कपाशीला परवानगी मिळाली. बीटी म्हणजे मातीतला एक जिवाणू. बोंडअळीला मारणारे विष तयार करण्याचा त्याचा गुण कपाशीच्या बियाण्यात घातला. २००६ साली दोन विषे असलेले बियाणे आले. काही वर्षे फवारणी घटली, पीक चांगले आले. मग २०१७चा हंगाम उगवला. मेहुण्याच्या पऱ्हाटीला बोंडे भरपूर, बाहेरून चकचकीत. फोडले की आत गुलाबी अळी, सरकी पोखरलेली, कापूस पिवळा, कवडी. विदर्भभर तेच झाले. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन शेतकरी-मजूर दगावले. मेहुणा धुऱ्यावर बसून मला म्हणाला, “भाईजान, हा किडा एवढा शहाणा कसा झाला?”

किडा शहाणा झाला नव्हता. लाखो अळ्यांत दोन-चार अशा असतात की विष त्यांना लागत नाही. बाकीच्या मेल्या, या उरल्या, यांचीच पिलावळ झाली. आणि तिच्या एका वर्षात अनेक पिढ्या होतात. आपण सगळीकडे एकच पीक, एकच विष ठेवले. त्यात कपाशी डिसेंबरला काढायची तर पाणी देऊन फरदड घेतली, मार्च-एप्रिलपर्यंत तिला ताटात वाढत राहिलो. वर्षभर उपाशी राहायची तिची पाळीच येऊ दिली नाही. जिवाणूचे विष, झाडाचे अंग, माणसाची अक्कल, या तिघांना मिळून त्या अळीने पंधरा वर्षांत वळसा घातला. पृथ्वीच्या हिशेबात पंधरा वर्षे म्हणजे पापणी लवण्याइतकीही नव्हेत.

नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे लोक सांगतात ते उपाय साधे आहेत : फरदड घेऊ नका, पऱ्हाट्या वेळेवर काढा, वावराच्या कडेने बिगर-बीटीच्या ओळी लावा, डोमकळ्या दिसल्या की तोडून नष्ट करा, कामगंध सापळे लावा. बिगर-बीटीच्या ओळी कशाला, असे मेहुण्याने विचारले. त्या ओळींवर साध्या, विषाने मरणाऱ्या अळ्या जगतात आणि विष पचवणाऱ्यांशी त्यांची सोयरीक होऊन तो गुण पातळ होत जातो, असे मी त्याला सांगितले. शत्रूला थोडे जगू द्यायचे, हे त्याला आधी पटले नाही. आता तो त्या ओळी लावतो, आणि डिसेंबर सरायच्या आत पऱ्हाट्या उपटून बांधावर ढीग लावण्याऐवजी त्यांचा चुरा करून जमिनीत घालतो.